नागावच्या माजघरातील चित्रशाळा

अलिबागेहून रेवदंड्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघालेल्या प्रवाशास अक्षी मागे पडते न पडते तोच नागाव लागते. अंतर अवघे सात-आठ किलोमीटरांचे. परंतु तेवढ्यात आपण एका प्रकाशातून निघून दुसऱ्याच प्रकाशात शिरलो, असे त्याच्या ध्यानात येते. पश्चिमेस सुरूच्या बनापलीकडे उघडी पुळण आणि पाण्यावरून उलटून येणारे झगझगीत ऊन. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांस गडग्यांआड वाड्याच वाड्या. वर माड, त्यांच्या खाली पोफळींची दाटी, त्यांहून खाली केळी, कर्दळ आणि अळू. भर दुपारीही या वाड्यांत ऊन असे पडतच नाही. पडतात ते उन्हाचे कवडसे. बाकी सारा उजेड पानांपानांतून गाळून आलेला, हिरवा आणि थंड. अष्टागर या नावाने जो किनारा प्रसिद्ध आहे, त्याचे खरे वैभव आम्हांस तरी या गाळीव उजेडात दिसते.

आम्ही मुंबईहून निघालो ते भाऊच्या धक्क्यावरून. मोटारी पोटात घेऊन मांडव्यास पोहोचविणारी मोठी बोट या मार्गावर मार्च २०२० पासून चालू झाली, तेव्हापासून सामानसुमान घेऊन येणाऱ्यांची सोय झाली आहे. आमच्याबरोबर या खेपेस सामान होतेही बरेच: एक कॅमेरा, विजेरीवर चालणारे दोन लहान फ्लॅशदिवे, एक तिपाई, एक उंच दांडी आणि एक पांढरी छत्री. ही छत्री पाहून बोटीवरील एका वृद्ध गृहस्थांनी, “पावसाळा तर संपला, आता ही कशाला?” असा प्रश्न केला. “माणसांवर उजेडाचा पाऊस पाडायला,” असे आमच्यातील धाकट्याने उत्तर दिले. त्या गृहस्थांचे समाधान झाले की नाही, कोण जाणे.

उद्देश असा होता की, नागावच्या जुन्या घरी चार दिवस राहून, माजघरातच तात्पुरती चित्रशाळा थाटावयाची व घरातील सर्व वडील मंडळींची, प्रत्येकाची स्वतंत्र, छायाचित्रे काढावयाची. फ्लॅशच्या प्रकाशात, स्टुडिओच्या रीतीने माणसाचे चित्र काढण्याचा आमचा हा पहिलाच प्रसंग. तो प्रसंग याच घरी का आणावा लागला, हे सांगितल्यावाचून पुढचे नीट कळावयाचे नाही.

भिंतीवरच्या तसबिरी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागेच्या जवळपास किनाऱ्यास लागले. अष्टागरातील वाड्यांची त्या एका दिवसात जी दशा झाली, ती ज्यांनी पाहिली ते विसरणार नाहीत. जेथे वर पाहिले असता आकाश दिसत नसे, तेथे आडव्या पडलेल्या पोफळींवरून चालावे लागले. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यावयास सहा-सात वर्षे लागतात. तेव्हा वाडीवाल्याचे नुकसान एका सालाचे नसते. आमच्या घराचीही कौले उडाली आणि माजघराच्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या तसबिरींवर दुपारभर पाऊस कोसळला.

जुन्या छायाचित्राच्या कागदावर सरसाच्या जातीचा, जिलेटिनचा लेप असतो. तो भिजून काचेस चिकटला म्हणजे वाळल्यावर काच काढताना चेहराच काचेबरोबर निघून येतो. आमच्या आजीची एकुलती एक तसबीर अशीच गेली. अक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. दगडावरची ती अक्षरे हजार वर्षे राहिली, आणि तेथून हाकेच्या अंतरावर आमच्या आजीचा चेहरा एका दुपारच्या वाऱ्यापावसास पुरला नाही. तिची दुसरी प्रत कोणाजवळ नव्हती. तेव्हाच आणखी एक गोष्ट ध्यानात आली: आज हयात असलेल्या वडील मंडळींपैकीही कित्येकांचे एकट्याचे असे चित्र घरात नाही. जे आहे ते लग्नाच्या घोळक्यातले, नाही तर आधारपत्रावरचे. आणि आधारपत्रावरील आपला चेहरा आपलाच आहे असे मान्य करणारा माणूस आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे.

उजेडाची पूर्वपीठिका

घरात इतका उजेड असताना फ्लॅशची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नागावच्या वाडीतच आहे. पानांतून गाळून आलेल्या हिरव्या उजेडाची आपल्या डोळ्यांस सवय होते. मन तो रंग वजा करून पाहते. यंत्रास ही सवड नसते. वाडीत उभ्या केलेल्या माणसाचा गाल चित्रात हिरवट, कावीळ झाल्यासारखा उतरतो. बाहेर पुळणीवर जावे, तर ऊन इतके प्रखर की डोळे मिटतात आणि डोळ्यांच्या खोबणींत काळी सावली बसते. घरात यावे, तर कोकणातील जुन्या घरांच्या पागोळ्या पावसाच्या भयाने इतक्या खाली उतरविलेल्या असतात की, माजघरात दिवसाही दिवा लागतो. म्हणजे जेथे उजेड आहे तेथे चेहरा नीट येत नाही, आणि जेथे माणसे स्वस्थ बसतात तेथे उजेड नाही. फ्लॅशचा प्रकाश रंगाने दुपारच्या उन्हासारखा पांढरा असतो, आणि आपण नेऊ तेथे येतो.

ही सोय आपल्या पूर्वजांस नव्हती. ज्या मुंबईहून आम्ही आलो, तेथे छायाचित्रणाची आवड फार लवकर रुजली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या नामांकित एतद्देशीय सभासदांपैकी एक होते. पुढल्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग सुरू झाला. लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेस पडद्यातील स्त्रियांकरिता स्वतंत्र चित्रशाळा काढली. तेथील कारभारही स्त्रीकडेच होता. १८९६ साली त्यांनी मुंबईसही आपली शाखा उघडली. परंतु या साऱ्या चित्रशाळा सूर्याच्या आश्रित. काचेच्या छपरातून वा मोठ्या खिडकीतून येईल तो उजेड घ्यावयाचा, आणि काचा इतक्या मंद की बसणाऱ्याने कित्येक सेकंद पापणी न हलविता राहावयाचे. मान हलू नये म्हणून पाठीमागून लोखंडी चिमट्याने डोके धरून ठेवीत. आपल्या पणजोबांच्या चित्रांत जो करारीपणा दिसतो, त्यातला काही भाग त्या चिमट्याचा आहे, हे सांगितले तर त्यांचा अवमान होणार नाही, अशी आशा आहे.

लोकांच्या मनांतही धास्ती असे. चित्रपटाच्या धंद्यात पडण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी गुजरातेत छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तेव्हा हे यंत्र माणसाची शक्ती शोषून घेते व तो लवकर मरतो, अशा समजुतीमुळे गिऱ्हाईक येईना, असे त्यांच्या चरित्रात सांगतात.

कृत्रिम उजेडाचा प्रारंभ जरा भयंकरच झाला. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट व अँटिमनी सल्फाइड मिसळून तिची दारू तयार केली. ती पेटविली की डोळे दिपविणारा भडका, मागोमाग धुराचा लोट आणि डोक्यांवर पांढरी राख. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील अंधाऱ्या खोल्या जगाच्या दृष्टीस आणणाऱ्या जेकब रीस याच्या हातून या भडक्याने घरास आग लागण्याचेही प्रसंग आले. १९२९ साली जर्मनीत काचेच्या बंद फुग्यात जळणारा दिवा निघाला. तो सुरक्षित खरा, पण एकेक दिवा एकदाच कामी यावयाचा. पुन्हा पुन्हा चमकणारा विजेचा दिवा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास सिद्ध केला. आमच्या पिशवीतील मुठीएवढे दिवे त्याच कुळातले. सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागात त्यांचे काम आटोपते. तेवढ्या वेळात माणूस हलू शकत नाही. मग चिमट्याची गरजच काय?

नारळाची तसबीर

पहिल्या दिवशी वडील मंडळींस न बोलाविता आम्ही एक सोललेला नारळ शेंडीसकट स्टुलावर मांडला. नारळास तीन डोळे असतात व तो कंटाळत नाही, हे त्याचे दोन मोठे गुण. कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या १६० व्या भागाइतके, भिंगाचे छिद्र एफ ५.६ आणि संवेदनक्षमता १०० अशी ठेवून, दिवा न लावता, प्रथम एक चित्र घेतले. ते संपूर्ण काळे निघाले. घरातील मुले हिरमुसली. पण आम्हांस हवे होते ते हेच. माजघरातला मिणमिणता उजेड, दारातून शिरणारी हिरवी तिरीप, बल्बचा पिवळेपणा, यांतले काहीही यंत्रास दिसू नये. दिसावा तो फक्त आपण दिलेला प्रकाश. कोऱ्या पाटीवर अक्षर काढावे, तशी ही काळी पाटी.

मग एकच दिवा, निरनिराळ्या जागी. कॅमेऱ्यावर बसवून समोरून टाकला, तेव्हा नारळ ताटासारखा सपाट दिसला व मागल्या भिंतीवर त्याची काळी कड उमटली. बाजूस नेला, तेव्हा अर्धा नारळ उजळ आणि अर्धा नाहीसा. डोक्याच्या किंचित वर व एका अंगास, सुमारे पंचेचाळीस अंशांवर धरला, तेव्हा मात्र त्यास गोलाई आली. पुढे दिव्याचे तोंड नारळाकडून फिरवून पांढऱ्या छत्रीत केले. आता प्रकाश दिव्याच्या बोटभर काचेतून न येता सबंध छत्रीवरून उलटून येऊ लागला, आणि सावलीची धार मावळली. उजेडाचे उगमस्थान जितके मोठे व जवळ, तितकी सावली मऊ. हा सगळ्या विद्येचा गाभा. उरलेल्या काळोख्या बाजूस एक धुतलेले पांढरे धोतर दोन खुर्च्यांवर ताणून बसविले, म्हणजे तेथेही थोडा उजेड परतून येतो. छत्रीची दांडी कलंडू नये म्हणून तिच्या पायास पिशवीत घालून वरवंटा बांधला. स्वयंपाकघरातून त्याबद्दल तक्रार आली. ती संध्याकाळच्या चटणीपर्यंत तहकूब ठेवण्यात आली.

आणखी एक मौज. दिवा दुप्पट दूर नेला की वस्तूवरचा प्रकाश निम्मा न होता चौथाई होतो. नारळ छत्रीपासून तीन फुटांवर आणि भिंत बारा फुटांवर, म्हणून भिंतीस मिळे तो सोळावा हिस्सा. त्यामुळे दांडीवरची वाळत घातलेली लुगडी, दिनदर्शिका, पंख्याची बटणे, विजेच्या तारा, हा सारा संसार चित्रातून आपोआप अंतर्धान पावला. शहरातील चित्रशाळेत ज्याकरिता काळा पडदा टांगतात, ते काम आमच्या माजघराने फुकट केले.

हे सारे पाहताना आम्हांस सावळाराम हळदणकर यांच्या त्या प्रसिद्ध जलरंगातील चित्राची आठवण झाली. १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपल्या कन्येस हाती दिवा घेऊन उभे करून ते रंगविले, आणि ते आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. एकच दिवा, भोवती काळोख, आणि बोटांच्या आडून चेहऱ्यावर पसरलेला उजेड. घरच्या माणसाचे चित्र कसे असावे, हे सावंतवाडीकडच्या या चित्रकाराने आपल्या घरातल्या दिव्याच्या उजेडातच शोधले होते.

माणसे बसतात तेव्हा

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बसले. कोट, टोपी, छाती पुढे, हात गुडघ्यांवर; जणू समोर न्यायाधीश आहेत. त्यांच्या चष्म्याच्या काचांत छत्री दिसे. दिवा थोडा वर चढविला आणि चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या, तेव्हा डोळे मोकळे झाले. पण चेहरा मोकळा होईना. शेवटी घरातील कोणी तरी वादळानंतर नव्याने लावलेल्या पोफळींचा विषय काढला. कोणत्या आळ्यात पाणी तुंबते, कोणते रोप उन्हाने करपले, हे सांगता सांगता काका पुढे वाकले, त्यांचा हात उचलला गेला, आणि त्या क्षणी दिवा चमकला. ते काका आम्हांस ओळखीचे होते.

वाडीची राखण करणारे जोडपे आले, दोघेही नवी वस्त्रे नेसून. पन्नास फूट पोफळीवर सरसर चढणारा हा माणूस स्टुलावर बसताना मात्र कापत होता. त्याच्या पत्नीने हळूच त्याची कॉलर नीट केली, आणि ते चित्र त्या दोघांनाही पसंत पडले.

आत्या मात्र येईनात. त्या आमच्या वडिलांच्या थोरल्या भगिनी, वय नव्वदीच्या घरात. ऐन विशीत वैधव्य येऊन माहेरी परतल्या, आणि घरातील दोन पिढ्या त्यांच्या हातची जेवली. घरात लग्ने झाली, मुंजी झाल्या, डोहाळजेवणे झाली. प्रत्येक प्रसंगाची छायाचित्रे आहेत. त्यांत आत्या शोधाव्या तर कोठे दाराआड कोणाचे रडते मूल घेतलेल्या, कोठे शेवटच्या ओळीत अर्धा खांदा. त्यांस कोणी जा म्हटले असे नाही. पण पुढे ये असेही कोणी म्हटले नाही. जुन्या काळच्या रूढीने शिकविलेले ते मागे सरणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. आम्ही विनंती केली तेव्हा म्हणाल्या, “मला कशाला? माझे काय आता लग्न ठरवायचे आहे? मुलींचे काढा.”

“आत्या, तुमच्याकरिता नाही, आमच्याकरिता,” असे धाकटी वहिनी म्हणाली. “वादळात आजी गेली भिंतीवरून. आता आम्हांला दाखवायला कोणी नाही.”

यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने हात पुसून आल्या व स्टुलावर न बसता खालीच, पाटावर बसल्या. छत्री खाली आणली. दिवा प्रथम चमकला तेव्हा त्या दचकल्या. “आकाशातली वीज बरी,” म्हणाल्या, “ती आधी गडगडून तरी सांगते.”

“गडगडते ती मागाहून, आत्या,” असे कोणी पोर म्हणाले, आणि सगळे हसले, आत्याही.

त्यांचे हात रिकामे होते म्हणून त्यांस सुचेना, हे ध्यानात येऊन वहिनीने अडकित्ता आणि चार सुपाऱ्या पुढे ठेवल्या. सुपारी घरच्या वाडीची, वादळातून वाचलेल्या झाडांची. अडकित्ता हाती येताच आत्यांची बोटे चालू लागली, आणि बोटांबरोबर तोंडही. त्यांच्या लहानपणी विहिरीवर रहाट कसा कुरकुरे, पहाटे शिपण्याचे पाणी पाटातून आळ्यांत जाताना कसा आवाज येई, आणि आपली आई त्या आवाजावरून पाणी कोठवर पोहोचले हे अंथरुणातून कसे सांगे, हे त्या सांगू लागल्या. आम्ही काही बोललो नाही. मधून मधून दिवा चमके. पण आता त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

कॅमेऱ्याच्या पाठीवरील लहान पडद्यावर आम्ही त्यांस चित्र दाखविले. काळोखातून पुढे आलेला चेहरा, कपाळावरच्या रेषा, डोळ्यांत छत्रीचा इवलासा पांढरा ठिपका, आणि खाली अडकित्त्यावरची बोटे. त्यांनी चष्मा पुसला, पडदा जवळ घेतला, दूर धरला, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “अरे, ही तर आई.”

माजघरात काही वेळ कोणी बोलले नाही. मग काका उठून आले. त्यांनीही पाहिले व मान हलविली. “हनुवटी तीच,” ते म्हणाले, “आणि सुपारी धरायची तऱ्हाही तीच.” जी तसबीर आता कोणी परत आणू शकणार नाही असे वाटत होते, तिची खूण घरातच, पाटावर बसलेली होती, आजवर तिच्यावर उजेड पडला नव्हता, इतकेच.

घरोघरी करण्याजोगे

या चार दिवसांत आम्ही एकंदर अकरा जणांची चित्रे काढली. त्यांचा हिशेब मांडता असे दिसले की, यंत्राचे काम त्यात थोडे. एक दिवा, एक पांढरी छत्री, एक धोतर व एक काळोखी खोली एवढ्यावर भागते. दोन दिवे नेले होते, त्यांतला दुसरा पिशवीतून निघालाही नाही. चेहरा व छत्री यांत तीन-चार फूट अंतर असावे. कॅमेरा फार जवळ आणू नये, नाही तर नाक मोठे दिसते. आणि बसणाऱ्याच्या हाती त्याचे नेहमीचे काम द्यावे. बाकीचे काम संभाषणाचे आहे, आणि ते यंत्र विकणाऱ्याच्या दुकानात मिळत नाही.

शहरात परतल्यावर आम्ही चित्रे कागदावर छापून घेतली. कारण दूरध्वनीच्या पोटात साठविलेली चित्रे वादळावाचूनही नाहीशी होतात. प्रत्येकाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, नाते व साल लिहिले, आणि एकेक प्रत नागावास, एकेक पुण्यास व एकेक मुंबईस अशी तीन घरांत ठेविली. एका छपराची कौले उडाली तरी दोन छपरे उरावीत, हा त्यातला हेतू.

आपल्याकडे भिंतीवर तसबीर चढते ती बहुधा माणूस गेल्यावर, आणि तीही घाईघाईने, कोणत्या तरी घोळक्यातून कातरून काढलेली. तसे होऊ नये. घरातील जी माणसे नेहमी मागल्या ओळीत उभी राहतात, त्यांस एकदा, सवडीने, पुढे बोलवावे आणि त्यांच्यावर चांगला उजेड टाकावा. नागावच्या घरी वादळानंतर नव्या केलेल्या भिंतीवर पहिली तसबीर आत्यांची लागली आहे. तिच्यावर हार नाही. येता-जाता त्या तिच्याकडे पाहतात, आणि कोणी पाहुणा आला तर स्वतःच सांगतात की, “ही मी. पण आमची आई अगदी अशीच दिसे.”